कोंडलेली बंडी

झेलेनी लूग,
४ जून

प्रिय जावईबापू ग्लेब,

आशीर्वाद. तायाने मला ही काचेची पाटी आणून दिली आणि म्हणाली, "आई, यावर लिही. दिवसातून एकदा पत्रांचा गठ्ठा वर जातो, त्यात तुझंही जाईल." एका बोटाने लिहिते आहे. चुका झाल्या तर बोटाला नावं ठेवा.

बंडी पोचली का? मालवाहू यान स्थानकाला लागलं असं टीव्हीवर सांगितलं, पण माझ्या बंडीबद्दल चकार शब्द नाही. राखाडी लोकर आहे, आतून फ्लॅनेलचं अस्तर. कपाटात कोंबून ठेवू नका, अंगात घाला. तुमची प्रकृती मला ठाऊक आहे. विवाह नोंदणी कचेरीत सही करायच्या आधीच आडवा झालेला नवरदेव अख्ख्या कालूगा भागात तुम्ही एकटेच. तेव्हा शुद्धीवर कोणी आणलं, ते आकाशात जाऊन विसरू नका.

इकडे काकड्या धरल्या आहेत, शेपू तर रानासारखा माजलाय. डासांनी मात्र उच्छाद मांडलाय.

आता मनातलं सांगते. या वेळी उतरलात की पुरे झालं. प्रशिक्षण केंद्रात पोरांना शिकवा, संध्याकाळी घरी येऊन जेवा. ताया तिकडे केंद्रात तुमच्या सामानाची तपासणी करते, आणि इथे सुट्टीला आली की खिडकीपाशी उभ्याउभ्याच चहा पिते, डोळे वर लावून. माझा नवरा उत्तरेच्या समुद्रात जहाजावर होता. वाट बघणं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. म्हणून दर रविवारी चर्चमध्ये मी मेणबत्ती लावते की तुम्हाला पुढचं उड्डाण मिळू नये. लपवून कशाला ठेवू?

तुमची सासू,
कापितोलिना सावेल्येवना


अंतराळ स्थानक,
९ जून

सासूबाई,

नमस्कार. वाकून करणार होतो, पण इथे वाकलं की माणूस गोल फिरत जातो.

बंडी पोचली आणि अंगातही आहे. उबदार आहे, थोडी जाडच आहे, आणि डाव्या बाजूला छातीवर जरा टोचते. उल्याना, आमची इंजिनिअर, तोंडावर म्हणाली, "कमांडर, मासे धरायला निघालेले आजोबा दिसताय." आमचा तिसरा सोबती कनात, गव्हावर प्रयोग करणारा, त्याला मात्र हेवा वाटला. त्याची सासू कझाकस्तानातून फक्त सल्ले पाठवते.

आता तुमच्या मेणबत्तीबद्दल. सासूबाई, एवढी एक मेणबत्ती विझवा हो. पुढच्या मोठ्या मोहिमेचं नेतृत्व कोणाला द्यायचं, ते हे उड्डाण संपलं की ठरणार आहे. नाव माझं आहे, दुसरं कोणाचं नाही. त्यासाठी मी नऊ वर्षं रांगेत थांबलोय. दोनदा दुसऱ्याला मिळालं, मी हात मिळवले, घरी आलो आणि तुमच्या कुंपणाला रंग दिला. आता वय सांगतंय की हीच शेवटची संधी. मला ती हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. हे तायाला माहीत आहे. तिचा चहा उभ्याने का होतो तेही मला माहीत आहे. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलंय.

काकड्यांचं लोणचं घाला, मी उतरेपर्यंत मुरेल.

ग्लेब


अंतराळ स्थानक,
१७ जून

सासूबाई,

घाईत चार ओळी. एक किरकोळ दुरुस्ती निघाली आहे, म्हणून आम्ही सगळे स्थानकाच्या एका टोकाला राहायला आलोय. जरा दाटी आहे, बाकी मजेत. बंडी सध्या अंगात नाही. ती दुसऱ्या खोलीत राहिली आणि ती खोली काही दिवस बंद आहे. टीव्हीवर काही सांगितलं तर अर्धंच खरं माना.

ग्लेब


झेलेनी लूग,
१८ जून

जावईबापू,

मला काय कुकुलं बाळ समजता? किरकोळ दुरुस्ती म्हणे! टीव्हीवर तीनदा सांगितलं: स्थानकावर शीतकाची गळती झाल्याचा संशय. कोणी एक टायवाला माणूस नकाशावर काठी फिरवत होता. तायाचा फोन आला तर ती भलत्याच मऊ आवाजात बोलत होती. लहानपणी काचेची बरणी फोडली की ती याच आवाजात बोलायची.

शीतक म्हणजे पाणीच ना? मग अंगाला आग लागल्यासारखं काय करताय? आमच्या न्हाणीघराचा बंब गळत होता तेव्हा मी आधी नळ बंद केला, मग तागाचा दोरा गुंडाळून वर साबण चोपडला. अजून टिकलाय. तुमच्याकडे साबण आहे ना?

आणि बंडी कोंडून ठेवायचं कारण काय? गळतीचा आणि बंडीचा संबंध काय? सगळं नीट, पहिल्यापासून लिहा. नाही लिहिलंत तर मी तायाकडून काढून घेईन, आणि ती रडली तर त्याला जबाबदार तुम्ही.

कापितोलिना सावेल्येवना


अंतराळ स्थानक,
१९ जून

सासूबाई,

तायाला रडवू नका. सगळं सांगतो.

ते पाणी नाही. स्थानकाच्या बाहेरच्या नळ्यांतून अमोनिया खेळतो. आमच्या अंगाची, यंत्रांची सगळी उष्णता तो गोळा करतो आणि बाहेरच्या मोठ्या पत्र्यांवर नेऊन टाकतो. एका जागी या नळ्या आतल्या पाण्याच्या नळ्यांना अगदी खेटून जातात. तिथे भेग पडली तर अमोनिया आत येतो, आणि मग चर्चा करायला कोणी उरत नाही.

१६ तारखेला मी त्याच जागेमागचा पंखा साफ करत होतो. जागा एवढी चिंचोळी की छाती दाबूनच आत शिरावं लागतं. शिरलो, आणि नाकात असा भपकारा गेला की डोळ्यांना धारा लागल्या. मी ओरडलो, "अमोनिया! मुखवटे चढवा!" उल्यानाने कनातला अक्षरशः कॉलरला धरून ओढलं. तो त्याच्या गव्हाच्या रोपांना सोडायला तयार नव्हता. मी सगळ्यांत शेवटी निघालो. नियम असा, की ज्याच्या कपड्यांवर अमोनिया असू शकेल त्याने कपडे तिथेच काढून टाकायचे. म्हणून तुमची बंडी, सदरा, विजार सगळं तिथे ठेवून मी चड्डीवर दारातून आलो. दार बंद केलं आणि उल्याना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कमांडर, आता मात्र आजोबा दिसत नाही."

तेवढंच काय ते हसणं झालं. खालच्या लोकांची दोन मतं आहेत. काही म्हणतात, नळ्यांतला दाब फारसा उतरलेला नाही. काही म्हणतात, मग बंद दारातून नळी घालून काढलेल्या हवेत अमोनिया का सापडतोय? दुसऱ्यांचं म्हणणं खरं धरावं लागतंय, कारण चुकलं तर जीव जातील. २१ तारखेला त्या नळ्या बाहेर रिकाम्या करायच्या, अर्धं स्थानक थंड पडू द्यायचं आणि आम्ही यानात बसून खाली यायचं, असं ठरलंय. कनातची चार वर्षांची मेहनत त्या खोलीत गोठेल. तो नुसता दाराच्या काचेला नाक लावून असतो.

आणि अर्धमेलं स्थानक सोडून आलेल्या कमांडरला पुढची मोहीम कोणी देत नाही. तुमची मेणबत्ती पावली म्हणायची. रागाने नाही लिहीत, जरा उदास आहे इतकंच.

ग्लेब


झेलेनी लूग,
१९ जून, संध्याकाळ

ग्लेब,

बसून वाचा. तिथे बसता येत नसेल तर काहीतरी घट्ट धरून वाचा.

तो भपकारा, डोळ्यांच्या धारा वाचल्या आणि मला तो वास ओळखीचा वाटला. उठले, औषधांचा डबा उघडला, चष्मा लावला आणि नशातीरच्या, म्हणजे चक्कर आली की हुंगायच्या औषधाच्या, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. आयुष्यभर वापरलं, कधी वाचलं नव्हतं. त्यावर लिहिलंय: अमोनियाचं द्रावण.

तुमच्या बंडीच्या अस्तरात मी नशातीर शिवलं आहे. डाव्या बाजूला, छातीवर. काचेची छोटी कुपी, कापसात गुंडाळलेली, तसलीच, जशी लग्नाच्या दिवशी तुमच्या नाकाखाली फोडली होती. माझी आई माझ्या वडिलांच्या कोटात शिवायची, मी नवऱ्याच्या कोटात शिवायचे. वर चक्कर आली तर बाजूला कोण असणार? तायाने तपासताना विचारलं होतं, "आई, इथे गाठ कसली?" मी सांगितलं, थंडी लागू नये म्हणून तिथे कापूस जास्त भरलाय. पोटच्या पोरीशी खोटं बोलले, कारण ती काढून टाकेल हे मला माहीत होतं.

तुम्ही छाती दाबून शिरलात तेव्हा ती फुटली असणार. नळ्या फुटलेल्या नाहीत. नळ्या रिकाम्या करू नका हो. माझ्या मूर्खपणापायी त्या पोराचा गहू मारू नका.

हे पत्र सकाळच्या गठ्ठ्यात येईल. ते वेळेवर पोचेल यावर मी विसंबून राहणार नाही. ताया आज रात्री कामावर आहे, आणि तिथे तिचा फोन कपाटात कुलूपबंद असतो. मी पहिल्या गाडीने निघते आहे.

कापितोलिना


अंतराळ स्थानक,
२० जून

सासूबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि खरंच हँडल धरावं लागलं.

खाली विचारलं, मुखवटा लावून दोघं आत जाऊ का? पुष्कळ वाद झाला, मग परवानगी मिळाली. उल्याना आणि मी गेलो. बंडी हवेत तरंगत होती, दोन्ही बाजूंनी फुगून, घरची मालकीण असल्यासारखी. मापयंत्र नळ्यांपाशी नेलं तर काटा हलेना. बंडीपाशी नेलं तर टोकाला गेला. मी अस्तर कापलं. आत काचेचा चुरा आणि ओला कापूस. उल्याना मुखवट्यात इतकी हसली की तिच्या काचेवर धुकं धरलं. बंडी दोन पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या यानात टाकली. माफ करा, तिला वाचवता आलं नाही. संध्याकाळपर्यंत हवा स्वच्छ झाली आणि दार उघडलं. कनात थेट रोपांकडे गेला, आणि एकेका पानाला त्याच्या भाषेत काय काय सांगत बसला. सगळी जिवंत आहेत. नळ्या रिकाम्या करायचं रद्द झालंय, आम्ही ठरल्या दिवशीच उतरणार.

आता नीट ऐका. खाली विचारलं, ही कुपी आली कुठून? मी सांगितलं, माझी मीच नेली होती, आल्यावर मीच अस्तरात शिवली. तुमचं नाव आलं असतं तर तायाचं आलं असतं. तपासणीत गाठ हाताला लागूनही तिने उसवून पाहिली नाही. तिची नोकरी गेली असती, आणि तिला त्या नोकरीचा किती अभिमान आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं नेतृत्व आता जाईल असं दिसतंय. जाऊ दे. तिघंही जिवंत आहोत आणि गहू हिरवा आहे. तुम्ही फक्त तोंडाला कुलूप लावा. केंद्रात जायला निघाल्या असाल तर वाटेतूनच परत फिरा.

ग्लेब


तायाचं घर, केंद्राच्या वसाहतीत,
२० जून

जावईबापू,

तुमचं आजचं पत्र अजून आलेलं नाही, पण मी सगळं निस्तरून आले आहे. शाबासकी द्या.

फाटकावर एक पोरगेला शिपाई होता. म्हणाला, "आजी, असं कोणालाही आत सोडत नाहीत."

मी म्हटलं, "मी तुझी आजी असते तर आज तू दाढी करून आला असतास. आत फोन लाव. सांग, वर जो अमोनिया सापडलाय तो माझा आहे."

त्याने फोन लावला. पळतच दोन माणसं आली.

मोहिमेचे प्रमुख अर्काडी फोमिच भला माणूस दिसला, डोळे तांबारलेले, कोटाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. तायालाही बोलावलं होतं. ती नुसतं "आई!" म्हणाली आणि खाली बसली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तायाशी खोटं बोलले तेही सांगितलं.

ते म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण तासाभरापूर्वी तुमच्या जावयानेच कबूल केलंय की कुपी त्याने स्वतः शिवली."

"त्याने? अहो, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही! बटण तुटलं तर सदरा टाकून देईल असा माणूस आहे तो."

"सही करून सांगितलंय."

मग मला राग आला. म्हटलं, वरून आलेला त्या अस्तराचा फोटो दाखवा. दाखवला. म्हटलं, "आता तुमचा कोट इकडे द्या." त्यांचं लोंबतं बटण मी तिथेच लावून दिलं आणि शेजारी दोन इंच शिवणही घालून दाखवली. टाका जवळ जवळ, तिसरा टाका उलटा, माझ्या आईचा. फोटोत तोच. अर्काडी फोमिचनी बटण ओढून पाहिलं आणि म्हणाले, "पक्कं आहे."

म्हणजे तुमच्यावरचा ठपका मी पुसला. तायाला ताकीद मिळेल, नोकरी राहील असं म्हणाले. ती माझ्याशी दोन तास बोलली नाही, मग तिनेच कांदा घालून बटाटे तळले. जेवताना म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला सांग, मी तुला काढायला लावेन." आम्ही दोघी खूप हसलो.

कापितोलिना सावेल्येवना


अंतराळ स्थानक,
२२ जून

सासूबाई,

आपली पत्रं एकमेकांना ओलांडून गेली.

रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. एक दिवस चांगलाच रागावलो होतो. तुम्ही ठपका पुसला नाही, दुसरा लावलात, आणि तो जास्त मोठा आहे. कुपी ही चूक होती, चूक माफ करतात. पण गळतीच्या चौकशीत कमांडर खालच्या केंद्राला खोटं सांगतो, हे माफ करत नाहीत, आणि करूही नये. खालच्या माणसांनी माझ्या शब्दावर तिघांचे जीव तोलायचे असतात. अर्काडी फोमिच माझ्याशी बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "ग्लेब, पुढच्या वेळी तू म्हणालास 'इथे सगळं ठीक आहे', तर मी काय समजू?"

२५ तारखेला समिती बसते आहे. काय ठरेल ते मला दिसतंय. सासूबाई, तुम्ही काही वाईट केलं नाहीत. खरं बोलायला तुम्ही गाडी पकडून गेलात आणि मी इथून खोटं बोललो. यात शिकायचं कोणी, ते उघड आहे.

कनातच्या गव्हाला ओंब्या आल्या. त्याने आम्हा प्रत्येकाला एक एक दाणा चाखायला दिला. गोड होता. मला वाटलं होतं त्याहून मी बरा आहे.

ग्लेब


तायाचं घर,
२५ जून

जावईबापू,

मी पुन्हा गेले होते. त्या शिपायाने दाढी केली होती. मला पाहिल्यावर त्याने स्वतःहूनच फोन उचलला.

समिती बंद दाराआड बसली होती. मी बाहेर बाकावर बसले. उकडलेलं अंडं आणलं होतं, ते पिशवीतच ठेवलं. दुपारी अर्काडी फोमिच बाहेर आले, मला पाहिलं आणि शेजारी बसले. त्यांना म्हटलं, मला बोलायचंय, आत नको, इथेच बोलते.

मी म्हटलं, "तो खोटं बोलला, हे वाईट झालं. पण केव्हा बोलला ते बघा. तिघांच्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा नाही बोलला. तेव्हा ओरडला, सगळ्यांना बाहेर काढलं, शेवटी निघाला, आणि नियम होता म्हणून चड्डीवर दारातून आला. माझं पत्र मिळाल्यावर तुमची परवानगी मागूनच आत गेला. सगळं निवळल्यावर, फक्त आपल्या नुकसानीची वेळ आली, तेव्हा खोटं बोलला. तेही कोणासाठी? सासूसाठी! अर्काडी फोमिच, सासूसाठी स्वतःचं नशीब जाळणारा दुसरा माणूस आणून दाखवा मला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मलाही सासू आहे." मग बराच वेळ बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आत तीन मतं बाजूने आहेत, तीन विरुद्ध. माझं राहिलंय. पण तायाने मला सांगितलंय की तुम्ही त्याला उड्डाण मिळू नये म्हणून मेणबत्ती लावता. मला हे कळलं पाहिजे, बाई. तुम्हाला जावई वर हवा आहे की खाली?"

ग्लेब, खरं सांगते. मला तुम्ही खालीच हवे आहात. कुंपणाशी, ताटापाशी, तायाच्या शेजारी. नुसतं तोंड मिटून बसले असते तरी काम झालं असतं, कोणी मला दोष दिला नसता. माझ्या डोळ्यासमोर ताया आली, खिडकीपाशी कप धरून, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ती वर बघते तेव्हा तिचा चेहरा दुःखी नसतो. मी इतकी वर्षं तिच्या जागी स्वतःलाच पाहत होते.

मी म्हटलं, "वर."

"नक्की?"

"पुन्हा विचारू नका. दुसऱ्यांदा म्हणता येणार नाही."

ते उठून आत गेले. तुम्हाला कडक लेखी ताकीद आहे. पुढच्या मोहिमेचं नेतृत्व तुमचंच. मला एक सरकारी कागद मिळाला आहे, की मी आयुष्यात पुन्हा कोणत्याही यानात शिवलेली वस्तू पाठवू नये. तायाने तो स्वयंपाकघरात चिकटवलाय.

घरी येताना चर्चवरून आले. आत गेले नाही, पाय दुखत होते. बाहेरच्या पायरीवर बसले, अंडं खाल्लं आणि थोडीशी रडले. मग हसू आलं, की तुम्हाला खाली ओढायला इतकी वर्षं देवाच्या मागे लागले आणि शेवटी मीच माझ्या तोंडाने तुम्हाला वर धाडलं.

तेव्हा जावईबापू, आधी नीट खाली या. घरी बसा, पोटभर जेवा, तायाशी भांडा, माझ्याशीही भांडा. आणि मग, हे एका बोटाने लिहायला मला फार वेळ लागला, मग जा.

तुमची,
कापितोलिना